गणपतीत लॉजिक कोड्यांची स्पर्धा ठेवायचीये, कोडी नीट कशी बनवायची?

मुग्धा_चिंचवड

नमस्कार मंडळी. आमच्या सोसायटीत गणपतीत संगीत खुर्ची, पाककला, चित्रकला, फॅन्सी ड्रेस हे सगळं दरवर्षी असतंच, पण ज्यांना स्टेजवर जायला नको वाटतं, गाणं येत नाही, धावपळ झेपत नाही अशांसाठी काहीच नसतं. म्हणून मागच्या वर्षी मी कमिटीला सांगून लॉजिक कोड्यांची स्पर्धा घेतली. क्लब हाऊसमध्ये सतरंज्या टाकल्या, सहा कोडी, पाऊण तास. वाटलं होतं दहा-पंधरा जण येतील, चाळीस आले, नऊ वर्षांच्या मुलांपासून सत्तरीच्या आजी-आजोबांपर्यंत. फार छान वाटलं.

पण एक गोष्ट अजून मनातून जात नाहीये. त्यातलं ६ बाय ६ चं सुडोकू मी स्वतः बनवलं होतं आणि त्याची दोन उत्तरं निघत होती, हे मला माहीतच नव्हतं. सी विंगमधल्या एका काकांचं उत्तर माझ्या कागदाशी जुळलं नाही म्हणून मी चूक दिली, त्यांचा नंबर गेला, बक्षीसं वाटून झाली. काकांनी रात्री घरी बसून परत सगळं तपासलं आणि सकाळी कागद घेऊन आले. आडव्या ओळी बरोबर, उभे रकाने बरोबर, बॉक्स बरोबर. रागावले अजिबात नाहीत, फक्त म्हणाले "बघ गं, कुठे चुकलंय ते मला सापडत नाहीये." मला काय बोलावं कळेना.

यंदा परत घ्यायचीये आणि नीट घ्यायचीये. उत्तर एकच आहे हे कसं तपासायचं, वयात एवढा फरक असताना कोडी कशी निवडायची, आणि पेपर पटकन कसे तपासायचे, कारण आरतीच्या आधी निकाल लावावा लागतो. यंदाचं एक कोडं बनवलंय, सोडवून सांगा प्लीज:

एका इमारतीत खाली पार्किंग आणि वर चार मजले, प्रत्येक मजल्यावर एकच घर. जोशी, पवार, साळवी, कदम. आरतीला एकेकाने एकेक प्रसाद केला: मोदक, शिरा, लाडू, पेढे.
क) जोशी मोदकवाल्यांच्या वर राहतात.
ख) शिरा पवारांनी केला. पवार पहिल्या मजल्यावर राहत नाहीत.
ग) साळवी चौथ्या मजल्यावर राहतात.
घ) पेढेवाले लाडूवाल्यांच्या वर राहतात.
कोण कुठल्या मजल्यावर आणि कुणी काय केलं?

रिकामी_चौकट

मुग्धाताई, आधी सुडोकूबद्दल लिहितो कारण तो प्रकार माझ्याकडून दोनदा झालाय आणि तेव्हा ज्याने मला समजावलं त्याचे मी अजून आभार मानतो.

बहुतेक तुम्ही आधी पूर्ण भरलेली चौकट घेतली असेल, मग एकेक आकडा पुसत गेला असाल, आणि आता सुटतंय ना हे बघायला परत भरून पाहिलं असेल. अडचण इथेच होते. आपल्याला उत्तर माहीत असतं, त्यामुळे जिथे दोन आकडे बसू शकतात तिथे हात आपोआप आपल्याच आकड्याकडे जातो आणि वाटतं की सुटलं. सोडवताना प्रत्येक आकडा टाकायच्या आधी स्वतःला विचारायचं की इथे दुसरं काही का येऊ शकत नाही? कारण सांगता आलं तरच लिहायचं. असं शेवटच्या घरापर्यंत पोचलात तर उत्तर एकच आहे हे वेगळं सिद्ध करावं लागत नाही, ते तिथेच सिद्ध झालेलं असतं. आणि मध्ये एकदा जरी "बघू टाकून" केलंत तर दुसरा पर्याय टाकून तो कुठेतरी अडतोय हेही बघायलाच पाहिजे, नाहीतर काहीच सिद्ध होत नाही.

दोन गोष्टी नजरेनेच पकडता येतात. पहिली, ९ बाय ९ मध्ये सुरुवातीला दिलेल्या आकड्यांत किमान आठ वेगवेगळे आकडे दिसलेच पाहिजेत. समजा ३ आणि ७ दोन्ही कुठेच दिलेले नाहीत, तर पूर्ण उत्तरात सगळे ३ आणि ७ एकमेकांत बदलले तरी ते उत्तर बरोबरच राहतं, म्हणजे झाली दोन उत्तरं. ६ बाय ६ ला हाच हिशोब पाच आकड्यांचा. दुसरी गोष्ट, आणि मला वाटतं तुमचं इथेच अडकलं असणार. ६ बाय ६ मध्ये बॉक्स दोन ओळी उंच आणि तीन रकाने रुंद असतात. आता उत्तरात पहिल्या ओळीत कुठेतरी २ आणि ५ आहेत आणि बरोबर त्यांच्याखाली दुसऱ्या ओळीत ५ आणि २ आहेत असं असेल, तर ही चार घरं उलटी केली तरी ओळ, रकाना, बॉक्स कशालाच धक्का लागत नाही. म्हणून त्या चारातलं किमान एक घर तुम्ही भरून द्यायलाच हवं. मी उत्तराच्या कागदावर अशा चौकड्या लाल पेनाने जोडतो आणि मगच आकडे पुसायला घेतो. पण एवढ्यावर थांबू नका, यापेक्षा मोठ्या साखळ्याही असतात ज्या डोळ्याला दिसत नाहीत, त्यामुळे शेवटी एकदा कॉम्प्युटरवर तपासाच, फुकट सॉल्व्हर भरपूर आहेत जे उत्तरं किती ते सांगतात.

आणि कमी आकडे दिले म्हणजे कोडं अवघड झालं हा समज काढून टाका. ९ बाय ९ ला १७ पेक्षा कमी आकडे देऊन एकच उत्तर येऊच शकत नाही, हे २०१२ मध्ये डब्लिनच्या गॅरी मॅकग्वायर आणि त्यांच्या टीमने कॉम्प्युटरवर शोध घेऊन दाखवलं. पण १७ आकड्यांची काही सुडोकू अगदी सरळ सुटतात आणि २६-२७ दिलेली काही डोकं खातात. अवघडपणा आकडे किती यावर नसतो, पुढची पायरी दिसायला किती वेळ लागतो यावर असतो.

जपानच्या निकोली कंपनीने सुडोकू हे नाव दिलं आणि लोकप्रिय केलं (मूळ कोडं अमेरिकेतलं, १९७९ मध्ये छापलेलं), त्यांच्याकडची कोडी हाताने बनवलेली असतात आणि दिलेले आकडे चौकटीत सममितीत मांडलेले असतात. हाताने बनवणारे बरेच जण पुसत जात नाहीत, रिकाम्या चौकटीपासून सुरू करतात, दोन-चार आकडे ठेवायचे, त्यावरून काय निघतं ते भरायचं, अडलं की अजून एक ठेवायचा. याने तुम्ही सोडवणाऱ्याच्या वाटेनेच चालत जाता. वेळ लागतो, पण एकदा करून बघा, माझी तर दर रविवारची दुपार त्यात जाते.

ठाणेकर_अण्णा

कोडं सोडवलं. माझ्याकडे दोन उत्तरं येतायत.

साळवी चौथ्यावर. मोदक जोशींचे नाहीत (स्वतःच्याच वर कसे राहतील), पवारांचे नाहीत कारण त्यांचा शिरा, साळवींचेही नाहीत कारण चौथ्याच्या वर मजलाच नाही. म्हणजे मोदक कदमांचे आणि जोशी कदमांच्या वर. पवार पहिल्यावर नाहीत म्हणजे पहिल्यावर कदमच. आता दुसऱ्यावर जोशी आणि तिसऱ्यावर पवार, किंवा दुसऱ्यावर पवार आणि तिसऱ्यावर जोशी, दोन्ही चालतं. लाडू जोशींचे, पेढे साळवींचे, हे दोन्हीत सारखंच.

तुमच्या मनात कुठलं होतं?

मुग्धा_चिंचवड

अण्णा, पहिलं. कदम, जोशी, पवार, साळवी असं खालून वर. (क) मध्ये मला "लगेच वर" म्हणायचं होतं, जोशी अगदी कदमांच्या डोक्यावर.

ठाणेकर_अण्णा

मग अजून एक बघा. सगळीकडेच वर म्हणजे लगेच वर असं धरून मी परत सोडवलं. तर (घ) मध्ये पेढे चौथ्यावर आणि लाडू दुसऱ्यावर येतात, मध्ये पवार, म्हणजे (घ) खोटं पडतं आणि उत्तरच उरत नाही. म्हणजे वर चा अर्थ सगळीकडे सैल घेतला तर दोन उत्तरं, सगळीकडे घट्ट घेतला तर शून्य उत्तरं, आणि (क) मध्ये घट्ट, (घ) मध्ये सैल असा घेतला तरच तुमचं उत्तर येतं. एकच शब्द एका कोड्यात दोन अर्थाने आलाय. कोड्याचा सांगाडा मात्र चांगला आहे हो, तो टाकून देऊ नका, फक्त शब्द बदला.

वर्षा_टीचर

अण्णांनी जे पकडलं त्यावर मला बरंच लिहायचंय. मी सांगलीकडे शाळेत गणित शिकवते, दरवर्षी पाचवी ते आठवीच्या मुलांसाठी कोड्यांचा तास घेते, आणि अनुभव असा की मुलं लॉजिकमध्ये कमी चुकतात, आपल्या वाक्यात जास्त अडकतात. मराठीत रोज बोलताना आपण जे शब्द वापरतो ते समोरचा माणूस संदर्भाने समजून घेतो, कोड्यात संदर्भ नसतो, तिथे फक्त शब्द असतो.

"दोन घरं सोडून" म्हणजे मध्ये दोन घरं, की दुसरं घर? अर्धा वर्ग एक धरतो, अर्धा दुसरं. "मंगळवारच्या आत" यात मंगळवार आला का? "परवा" तर कोड्यात नकोच, तो पुढचाही असतो आणि मागचाही. "डावीकडे" म्हटलं की कुणाच्या डावीकडे, बघणाऱ्याच्या की बसलेल्याच्या? हा वाद मी इतक्या वेळा मिटवलाय की आता प्रत्येक कोड्याला आकृती काढून बाण दाखवते. "शेजारी" गोल टेबलावर वेगळं, रांगेत वेगळं, आणि इमारतीत तर वर राहणारेही शेजारीच. "पहिला मजला" म्हटलं की काही जण तळमजल्यालाच पहिला धरतात, तुम्ही खाली पार्किंग लिहिलंत ते बरं केलंत, पण मी तर इमारतीचं चित्रच काढून त्यावर १, २, ३, ४ लिहीन.

खरं-खोटं बोलणाऱ्यांच्या कोड्यात तर "एक जण खोटं बोलतोय" हे वाक्य धोक्याचं. एकच की निदान एक? मी आता "नेमका एक" किंवा "एक तरी, जास्तही असू शकतात" असं लांबलचक लिहिते, वाचायला जरा जड वाटतं पण एकही हात वर येत नाही. "किंवा" चं तसंच. चहा किंवा कॉफी म्हणताना आपल्याला दोन्ही अभिप्रेत नसतात, पण गणितातल्या किंवा मध्ये दोन्ही चालतात. कुठला किंवा आहे ते लिहून टाका.

तुमचं कोडं मी असं करीन: (क) जोशींचं घर मोदकवाल्यांच्या घराच्या लगेच वरच्या मजल्यावर आहे. (घ) पेढेवाले लाडूवाल्यांपेक्षा वरच्या मजल्यावर राहतात, मध्ये एखादा मजला असूही शकतो. बाकी तसंच. आता सोडवून बघा, एकच येतं.

आणि सगळ्यात महत्त्वाचं, तुमच्या कोड्याची वाक्यं ज्याने ती बनवताना पाहिलेली नाहीत अशा माणसाकडून वाचून घ्या. मोठ्याने. मी माझ्या सासूबाईंना वाचायला देते, त्या सातवी शिकलेल्या आहेत आणि जिथे त्या "म्हणजे?" विचारतात तिथे मी वाक्य बदलते. त्यांच्यामुळे माझी जेवढी कोडी सुधारली तेवढी कुठल्या पुस्तकाने नाही.

हडसनकाठचा_निलेश

मी न्यू जर्सीत असतो, आमच्या इथल्या मराठी मंडळींच्या संक्रांतीच्या कार्यक्रमात तीन वर्षं कोड्यांची स्पर्धा मी घेतोय. पेपर तपासणे आणि वयोगट यावर लिहितो.

तपासणी: पूर्ण चौकट तपासत बसू नका, चाळीस पेपरांत आरती होऊन जाईल. ऑनलाइन कोडे स्पर्धांत, उदाहरणार्थ लॉजिक मास्टर्स इंडियाच्या, पूर्ण चौकट पाठवत नाहीत, दोन ओळींच्या बाजूला बाण असतात आणि त्या दोन ओळींतले आकडेच उत्तर म्हणून लिहायचे असतात. तुम्हीही तेच करा. सुडोकूत तिसरी आणि पाचवी ओळ असं काहीतरी, पण ज्या ओळी शेवटी सुटतात त्या घ्या, पहिल्याच मिनिटात भरणाऱ्या घेतल्यात तर अर्धवट सोडवणाराही बरोबर ठरेल. आणि तपासणाऱ्याला एक सूचना देऊन ठेवा की बाणाच्या ओळी जुळल्या नाहीत तर लगेच काट मारायची नाही, आधी पूर्ण चौकट नियमात बसते का बघायची. बसत असेल तर मार्क द्यायचे, चूक आपली असते. तुमच्या काकांचं झालं ते याने टळेल.

नियम आधी द्या. जागतिक स्पर्धांत (२०१७ ची सुडोकू आणि पझल अशी दोन्ही जागतिक स्पर्धा आपल्याकडे बंगळुरूला झाली होती) नियमपुस्तिका स्पर्धेच्या आधीच सगळ्यांना मिळते, प्रत्येक प्रकाराचं एक सोडवलेलं उदाहरण त्यात असतं. तुम्ही चार दिवस आधी सोसायटीच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर नियम आणि एकेक छोटं उदाहरण टाका. आमच्याकडे पहिल्या वर्षी हे केलं नव्हतं, तर ज्यांना प्रकार माहीत होते ते वीस मिनिटांत उठले आणि बाकीचे नियमच वाचत बसले. दुसऱ्या वर्षी उदाहरणं आधी दिली तर एक आजी सगळी उदाहरणं वहीत उतरवून, तीनदा सोडवून आल्या होत्या, आणि त्या तिसऱ्या आल्या.

वयोगट: वेगवेगळे पेपर करण्यापेक्षा जोड्या लावा असं मी सांगेन. एक जण चौदाच्या आतला, एक मोठा, शक्यतो एकाच घरातले नाहीत. आमच्याकडे याने जो गोंधळ आणि जी मजा झाली ती एकेकट्याच्या स्पर्धेत कधीच झाली नव्हती. मुलं आकड्यांच्या कोड्यात पटपट चालतात, मोठी माणसं कोण-कुठे-राहतं प्रकारात शांतपणे यादी करत बसतात, दोघांना एकमेकांची गरज पडते.

प्रकार निवडताना गगनचुंबी इमारतींचं कोडं नक्की घ्या, ४ बाय ४ चं. प्रत्येक ओळीत आणि रकान्यात १ ते ४ उंचीच्या इमारती एकेकदाच, आणि बाहेर लिहिलेला आकडा म्हणजे तिथून बघितलं तर किती इमारती दिसतात, उंच इमारतीमागे बुटकी लपते. बाहेर ४ असेल तर तिथून १, २, ३, ४ हाच क्रम, बाहेर १ असेल तर पहिलीच इमारत ४ ची, एवढ्या दोन गोष्टींवरून लहान मुलंही सुरुवात करतात. आम्ही काड्यापेट्यांचे मनोरे करून टेबलावर मांडले होते, मुलं खाली वाकून एका डोळ्याने बघत होती, फोटो काढण्यासारखं दृश्य होतं ते.

वेळेचं गणित माझं असं आहे की मला स्वतःला लागलेला वेळ मोजतच नाही. सोसायटीबाहेरच्या दोन जणांकडून सोडवून घेतो, एक सवयीचा आणि एक नवखा, आणि नवख्याचा वेळ धरून पेपर लावतो. पहिली दोन कोडी अशी हवीत की हॉलमधल्या प्रत्येकाची सुटतील. शेवटचं एक असं चालेल की एखाद-दुसऱ्याचंच सुटेल. निगेटिव्ह मार्किंग ठेवू नका, सणाच्या दिवशी कुणाला वजा मार्क घेऊन घरी पाठवायचं?

रिकामी_चौकट

निलेशभाऊंच्या पोस्टला +१. एक भर घालतो, ज्यांना बनवायला वेळ नाही त्यांनी सायमन टॅथम यांचा इंटरनेटवरचा फुकट कोडेसंच बघा, त्यात ह्या इमारतींचा प्रकार टॉवर्स नावाने आहे, सुडोकू आहे, झाड-तंबू आहे, आकार आणि लेव्हल निवडली की एक उत्तर असलेलं कोडं तयार मिळतं आणि प्रिंटही निघते. स्वतः चौकट काढायची असेल तर पेन्पा एडिट नावाचं साधन ब्राउझरमध्येच चालतं.

फक्त सगळी कोडी मशीनची घेऊ नका असं माझं मत. निदान एक तरी असं हवं की ज्यात आपल्या सोसायटीचा वास येतो, लिफ्ट, पाण्याची टाकी, प्रसाद. मुग्धाताईंचं मजल्यांचं कोडं म्हणूनच मला आवडलं, त्यात कदम-जोशी वाचताना मला आमच्या जिन्यातली माणसं दिसली.

ठाणेकर_अण्णा

प्रिंटचं निघालंय म्हणून सांगतो, चौकट मोठी छापा. एका पानावर एकच, घर निदान दीड सेंटिमीटरचं. आमच्या वयाला उमेदवारी आकडे (त्या घरात कुठले बसू शकतात ते) कोपऱ्यात लिहून ठेवावे लागतात आणि छोट्या घरात ते मावत नाहीत. पेन्सिल आणि खोडरबर तुम्हीच द्या, पेनाने खाडाखोड केलेला पेपर तपासणाऱ्यालाही त्रास आणि सोडवणाऱ्याचाही धीर जातो. कागद जरा जाड घ्या, रबराने फाटतो.

मुग्धा_चिंचवड

किती मनापासून लिहिलंत सगळ्यांनी, खूप खूप आभार. दोन दिवस हेच करत होते म्हणून उत्तर द्यायला उशीर झाला.

रिकामी_चौकट यांनी सांगितलेलं लाल पेनाचं करून बघितलं, मागच्या वर्षीचा पेपर काढला, आणि अगदी तेच निघालं. तिसऱ्या-चौथ्या ओळीत १ आणि ६, खाली ६ आणि १, चारही घरं मी पुसलेली होती. एवढ्या चार घरांमुळे काकांचा नंबर गेला. एक घर भरून दिलं असतं तर झालं असतं.

वर्षाताई, तुमची वाक्यं तशीच्या तशी घेतली आणि कोडं आमच्या कामाला येणाऱ्या मावशींना मोठ्याने वाचायला लावलं. लगेच वर यात त्यांना काही अडचण आली नाही, पण "मोदकवाले" म्हटल्यावर त्यांनी विचारलं की मोदक विकणारे का? मी तीन वेळा वाचूनही माझ्या हे डोक्यात आलं नव्हतं. आता "ज्यांच्या घरी मोदक केले" असं लिहिलंय, (घ) मध्येही तसंच. त्यांनी मग बसून कोडं सोडवलं, बावीस मिनिटं लागली, उत्तर बरोबर, आणि यंदा त्यांनाही भाग घ्यायचाय म्हणाल्या, तर ह्या कोड्याऐवजी त्यांच्या पेपरात दुसरं लावावं लागेल.

जोड्यांचं कमिटीला विचारलं, सगळे हो म्हणाले. काड्यापेट्या गोळा करायला सुरुवात केलीये, ४ बाय ४ च्या एका सेटला चाळीस लागतात, दोन सेट करायचेत.

आणि सी विंगच्या काकांकडे काल गेले होते. त्यांना म्हटलं यंदा तुम्ही भाग घेऊ नका, तुम्ही माझे तपासणारे व्हा, सगळी कोडी स्पर्धेच्या आधी तुम्ही सोडवायची आणि दुसरं उत्तर शोधायचं. एक मिनिट गप्प बसले आणि मग आतून चष्मा घेऊन आले. पहिली तीन कोडी त्यांच्याकडे दिली आहेत, गुरुवारपर्यंत सांगतो म्हणालेत. बाकीच्या तीनसाठी इथलं कुणी तयार असेल तर व्यनि (खासगी निरोप) करा, मी पाठवते.